पुढे ३४, ३० की २८? माउंटन बाइकचे गियर आपल्या पायांना जुळवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय त्रेचाळीस, काम बैठं, माउंटन बाइक चालवायला लागून वर्ष झालंय, वजन ८२ किलो. सायकल २९ इंची हार्डटेल (म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे ३४ दात्यांची एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे ११-४६ ची अकरा स्पीड कॅसेट (मागच्या चाकावरच्या अकरा दातेरी चकत्या, सर्वांत लहान ११ दात्यांची, सर्वांत मोठी ४६ ची). चढाचा पहिला अर्धा भाग जमतो, नंतर मांड्या भरून येतात आणि उतरून सायकल ढकलावी लागते. सोबतचे मात्र तशाच सायकलवर वर निघून जातात. एक जण म्हणतो २८ ची चेनरिंग लाव, दुसरा म्हणतो आधी पाय तयार कर, तिसऱ्याने अख्खा बारा स्पीडचा संच बदलायला सांगितलंय. आणि तुम्हाला भीती ही की पुढची रिंग लहान केली तर सपाट रस्त्यावर पाय नुसतेच गरगरतील आणि तिथेही मागे पडाल.

पहिला बहुतांशी बरोबर आहे, दुसरा अर्धा बरोबर आहे, आणि तिसरा तुमचा खिसा न बघता बोलतोय. एका ओळीत उत्तर हवं असेल तर: तुमच्या क्रँकवर (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्यावर) बसत असेल तर २८, नसेल तर ३०, आणि कॅसेटला आत्ता हात लावू नका. पण हेच उत्तर दुसऱ्या कुणाला लागू होईलच असं नाही, म्हणून त्यामागचा विचार सविस्तर सांगतो. सायकली दुरुस्त करणं आणि नवख्या मंडळींना डोंगरात घेऊन जाणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत कायम समोर येतो.

पुढे किती दाते, हा मुळात खरा प्रश्न नाहीच. तुम्ही ज्या वेगाने चढ चढू शकता, त्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला किती फेरे मारतात, हा खरा प्रश्न. हिशेब सोपा आहे, करूनच बघू.

तुम्ही, सायकल, पाणी, हेल्मेट, पाठीवरची पिशवी मिळून १०० किलो धरू. चढ १० टक्क्यांचा, कच्चा. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की दहा मीटर वर. एवढा भार वर ओढायला आणि मातीत टायरला होणारा अडथळा मोडायला मिळून साधारण १२२ न्यूटन जोर लागतो. (मातीचा अडथळा मी भाराच्या अडीच टक्के धरलाय, भुसभुशीत जागी तो याहून जास्त असतो.) आता तुम्ही तासभर १६० वॅट देऊ शकता असं मानू. नियमित चालवणाऱ्या हौशी माणसाला हा आकडा रास्त आहे. १६० ला १२२ ने भागलं की सेकंदाला १.३ मीटर येतात, म्हणजे ताशी ४.७ किलोमीटर. हा तुमचा चढावरचा वेग. लक्षात घ्या, या हिशेबात गियर अजून कुठे आलेलाच नाही. वेग ठरवतात तुमची ताकद, वजन आणि चढ. तो वेग किती फेऱ्यांत वाटून द्यायचा, एवढंच गियर ठरवतो.

२९ इंची चाक २.३ इंची टायरसह एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातं. तुमचा सर्वांत हलका गियर ३४ भागिले ४६, म्हणजे ०.७४: पेडल एकदा फिरलं की चाक तेवढंच फिरतं. पेडलच्या एका फेऱ्यात १.७ मीटर. मिनिटाला ७९ मीटर कापायचे तर पेडलचे ४६ फेरे. तुमच्याच वजनाचा पण २२० वॅट देणारा मित्र त्याच चढावर ताशी साडेसहा किलोमीटरने जातो आणि त्याच गियरमध्ये त्याचे ६४ फेरे होतात. सायकल तीच, दाते तेवढेच, पण त्याच्या पायांना तो गियर बरोबर आहे आणि तुमच्या पायांना जड. म्हणून ‘मी पण ३४ च चालवतो, मला काही होत नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. तो त्याच्या वॅटबद्दल बोलतोय, तुमच्या गियरबद्दल नाही.

४६ फेऱ्यांत वाईट काय? ताकद तेवढीच असली तरी फेरे कमी झाले की प्रत्येक फेऱ्यातला जोर वाढतो. १७५ मिमीच्या क्रँकवर १६० वॅट ४६ फेऱ्यांनी काढायचे तर पेडलवर सरासरी १९ किलोंचा जोर लागतो. ६० फेऱ्यांनी काढायचे तर १५ किलोंचा. ही सगळ्या फेऱ्याची सरासरी झाली, पेडल खाली जाताना प्रत्यक्षात याहून बराच जास्त जोर पडतो. जोर वाढला की स्नायू आपले जलद आणि जोरकस तंतू कामाला लावतो. ते साठवलेली साखर भराभर जाळतात आणि लवकर थकतात. जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढल्यासारखं आहे हे: दोन मजले मजेत जातात, पाचव्या मजल्यावर मांड्या बोलायला लागतात. पहिला अर्धा चढ जमतो आणि पुढे सगळं संपतं, हे तुम्ही लिहिलंय ते तंतोतंत यातलंच आहे.

तरी घाईने निष्कर्ष काढू नका. चढावर माणूस थांबतो तो एकाच कारणाने थांबत नाही, आणि गियर त्यातल्या एकाच कारणावर औषध आहे.

दम अजून शिल्लक आहे, बोलता येतंय, पण मांड्या जळतायत किंवा गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय: गियर जड आहे. उलट, पाय सत्तर-पंचाहत्तर फेऱ्यांनी फिरतायत, जोर फारसा लागत नाही, पण श्वास पुरत नाही: तिथे आणखी हलका गियर लावून काही मिळणार नाही, सुरुवातीला वेग आवरायला शिकलं पाहिजे. बहुतेक नवखे लोक चढाचं पहिलं वळण मित्रांच्या मागोमाग चढतात आणि दुसऱ्या वळणावर त्याची किंमत मोजतात. तिसरा प्रकार म्हणजे पाय आणि दम दोन्ही ठीक, पण मागचं चाक जागच्या जागी गरकन फिरतं किंवा पुढचं उचललं जातं. हा पकडीचा आणि बसण्याचा प्रश्न. इथे हलका गियर कधी कधी त्रास वाढवतो, कारण त्याच पायजोराला चाकावर जास्त पीळ जातो. चौथा प्रकार, वेग इतका पडतो की तोलच राहत नाही. ताशी साडेतीन-चार किलोमीटरच्या खाली दगडांतून सायकल सरळ ठेवणं चांगल्या-चांगल्यांना जड जातं.

तुम्ही कुठल्या प्रकारात बसता ते पाहायला एक साधी तपासणी करा. नेहमीच्या चढावर, सर्वांत हलक्या गियरमध्ये, उजवा पाय किती वेळा खाली जातो ते पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. मात्र हे चढाच्या सुरुवातीला करू नका. जिथे नेहमी उतरावंसं वाटतं त्याच्या जरा अलीकडे मोजा, आणि फेरीचा शेवटचा मोठा चढ निवडा. ताज्या पायांनी घेतलेलं माप फसवं असतं. गियर निवडायचा तो थकलेल्या पायांसाठी. पंधरा सेकंदांत बारा किंवा त्याहून कमी भरले तर गियर निश्चित जड आहे. पंधराच्या आसपास असतील तर कच्च्या रस्त्यावर ते चालण्याजोगं आहे. अठरा-वीस भरत असतील आणि तरीही तुम्ही थांबत असाल, तर चेनरिंगवर पैसे घालू नका. रस्त्यावरच्या सायकलीचे ८५-९० फेऱ्यांचे सल्ले इथे लावायला जाऊ नका. खडकाळ चढावर साठ-सत्तर फेरे हा भला आकडा आहे.

तुमच्या वर्णनावरून मी पहिला प्रकार धरतो. आता रिंग बदलून काय मिळतं ते बघू. त्याच चढावर, त्याच १६० वॅटवर आज ४६ फेरे होतात. ३२ लावली तर ४९, ३० लावली तर ५२, २८ लावली तर ५६. म्हणजे दोन दात्यांनी फरक पडतो तो सहा टक्क्यांच्या आसपास. ३४ वरून ३२ वर जाऊन ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि त्यांचं खरंच असतं. थकलेल्या पायाला तीन फेऱ्यांचा फरक कळतसुद्धा नाही. बदलायचंच तर चार दात्यांपेक्षा कमी फरकाने बदलू नका.

तुमच्या बाबतीत २८ चा आणखी एक फायदा आहे, जो नुसत्या शेवटच्या गियरकडे बघून दिसत नाही. शिमानो कंपनीच्या ११-४६ कॅसेटच्या मोठ्या चकत्यांचे दाते बघा: २८, ३२, ३७ आणि मग एकदम ४६. तुमची कॅसेट दुसऱ्या कुणाची असली तरी मोजून बघा, शेवटची उडी बहुधा अशीच मोठी असते. ३७ वरून ४६ म्हणजे जवळपास पंचवीस टक्क्यांची उडी. इतर ठिकाणी ती बारा-पंधराच्या आसपास आहे. मधल्या चढावर याचा त्रास होतो. ३७ वर पाय अडकतात, ४६ वर टाकलं की एकदम हवेत फिरल्यासारखं होतं, आणि माणूस वैतागून पुन्हा ३७ वर जाऊन तिथेच पाय जाळत बसतो. आता २८ भागिले ३७ करून पाहा: ०.७६. तुमचा आजचा शेवटचा गियर ०.७४ होता. म्हणजे २८ लावल्यावर आज जो तुमचा अखेरचा आधार आहे, तो जवळजवळ जसाच्या तसा शेवटून दुसऱ्या जागी येतो, आणि त्याच्या खाली एक अख्खा नवा गियर उरतो. ३० मध्ये हे असं नेमकं जुळत नाही; तिथे साधारण अर्धा गियर मिळाल्यासारखं होतं. तेही वाईट नाही, पण २८ चा विचार आधी का करा म्हणतो ते यामुळे.

आता सपाटीची भीती. पुढे २८ आणि मागे ११, मिनिटाला ९० फेरे: वेग ताशी ३१ किलोमीटरच्या थोडा वर. ३० लावली तर जवळपास ३४. आज ३४ ला तो ३८ आहे. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, जाड गुठळ्यांच्या टायरवर, सपाटीला, वारा पाठीशी नसताना तुम्ही ताशी ३१ ने किती वेळ जाता? बहुतेकांचा वेग २० ते २५ मध्ये असतो. २५ च्या वेगाला ३० ची रिंग असेल तर तुम्ही मागे १३ किंवा १५ दात्यांवर असाल, म्हणजे खाली अजून जागा शिल्लकच. राहिला उतार. डांबरी उतारावर ताशी ३५ च्या पुढे पेडल मारणं सुटेल, हे खरं. पण तिथे सायकल आपोआप पळत असते, आणि पायवाटेच्या उतारावर तुम्ही पेडल आडवी धरून उभे असता. तेव्हा जे गमवाल ते क्वचित लागणारं आहे, आणि जे मिळवाल ते दर फेरीला तासन्‌तास लागणारं. अर्थात, घरापासून पायवाटेपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर पक्का रस्ता आणि तोही गटात वेगाने कापायचा असेल, किंवा शर्यती लावायच्या असतील, तर हे पारडं ३० कडे झुकतं.

लहान रिंग म्हणजे कमीपणा, ही समजूत नवीच आहे. पुढे तीन चेनरिंगच्या २६ इंची सायकली आठवत असतील तर पुढची सर्वांत लहान रिंग बहुधा २२ ची आणि मागे ३४ असायची. हिशेब केला तर तिथे एका फेऱ्यात १.३५ मीटर जायचं. आजच्या २९ इंची सायकलवर तेवढाच हलका गियर हवा असेल तर पुढे ३० आणि मागे ५१ लागतात, बरोबर १.३५ मीटर. तुमच्या ३४-४६ पेक्षा तो वीस टक्के हलका. म्हणजे त्या काळी दुकानातून निघणाऱ्या अगदी साध्या सायकललाही तुमच्या आजच्या सायकलपेक्षा हलका गियर असायचा, आणि तेव्हाचे लोक काही आपल्यापेक्षा दुबळे नव्हते. स्रॅम या कंपनीने २०१२ मध्ये पुढे एकच रिंग आणि मागे ११ चकत्यांचा संच आणला आणि २०१६ मध्ये बारा स्पीडची १०-५० कॅसेट आली. मधल्या काळात पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर सरकवणारा भाग) गेला, सोय झाली, पण पुष्कळ सायकलींचा तळाचा गियर त्यात हरवला. शिवाय चाक मोठं झालं. २६ वरून २९ वर आलं की तेच दाते आपोआप दहा टक्के जड होतात, हे विकणारा सहसा सांगत नाही.

गियरने काय होणार नाही तेही सांगून ठेवतो, म्हणजे नवी रिंग लावून पहिल्याच दिवशी हिरमोड नको. चढ १५ टक्क्यांचा झाला की तुमच्या १६० वॅटवर वेग ताशी ३.४ किलोमीटरवर येतो. २८ लावूनसुद्धा फेरे चाळीसच. तिथे तोल राखण्यात जेवढी शक्ती जाते तेवढ्यात माणूस सायकल हातात धरून चालत वर पोचतो, आणि पाय मोकळे राहतात ते वेगळंच. असा तुकडा शंभर-दीडशे मीटरचा असेल तर तेवढ्यापुरते २५० वॅट काढता येतात. तेव्हा २८ वर ६३ फेरे होतील आणि ३४ वर ५२. म्हणजे छोट्या उभ्या चढाला लहान रिंग उपयोगी आहेच, फक्त ती जोर लावण्याची गरज घालवत नाही. लांबच लांब १५ टक्के असेल तर खुशाल उतरा. मीही उतरतो.

इथे भूभागाचा मुद्दा येतो. एकसारखा, रुंद, लांबलचक मातीचा रस्ता असेल तर वरचा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो आणि हलका गियर हाच शहाणपणा. पण वाट दगड-मुळांची, पायऱ्या-पायऱ्यांची असेल तर मी सर्वांत हलक्या गियरमध्ये शिरत नाही. एक गियर जड ठेवतो. दगडावर पुढचं चाक चढवायला एक अर्धा फेरा जोरात मारावा लागतो, आणि अगदी हलक्या गियरमध्ये त्या अर्ध्या फेऱ्यात सायकल जेमतेम पाऊणेक मीटर सरकते. मागचं चाक दगडाला भिडेपर्यंत पेडल पुन्हा खाली येतं आणि दगडावर आपटतं. त्यापेक्षा जरा जड गियरमध्ये, छाती हँडलकडे झुकवून, सीटच्या टोकावर सरकून दोन सावकाश जोरदार फेरे मारले की निभावतं. लहान रिंग लावल्यावर सुरुवातीला चाक जास्त घसरतंय असं वाटलं तर रिंगला दोष देऊ नका, मागे एक चकती लहान घ्या, म्हणजे एक गियर जड करा. तुमच्याकडे तो आता असेल, हाच तर फायदा. खालीवर खालीवर जाणाऱ्या वाटेवर मात्र सर्वांत हलका गियर फारसा लागतच नाही; तिथे मधल्या चकत्यांमधली अंतरं जवळ असणं जास्त मोलाचं. सामान लादून अनेक दिवसांच्या फेऱ्या करणार असाल, किंवा तीन हजार मीटरच्या वर चालवणार असाल, तर आणखी दोन दाते कमी करा. सामानाने वजन वाढतं आणि विरळ हवेत वॅट घटतात. हिशेब दोन्हीकडून बिघडतो.

‘पाय तयार कर’ म्हणणाऱ्या मित्राचं काय? पाय तयार होतातच, आणि वर्षभरात तुमचे १६० वॅट १९० होऊ शकतात. पण ते नियमित आणि पुरेसा वेळ चालवून होतात, दर चढावर मांड्या जाळून उतरल्याने नाही. जड गियरवर मुद्दाम सावकाश पेडल मारण्याचा व्यायाम सरावलेले स्वार करतात खरा, पण तो पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन, तापलेल्या पायांनी. दीड तासाचा अख्खा चढ तसा चढणं हा व्यायाम नाही, आणि चाळिशीनंतर गुडघे त्याचा हिशेब मागतात. हलका गियर लावल्यावर तुम्ही चढावर उतरत नाही, त्यामुळे तेवढ्याच वेळात जास्त चालवता. पुढे कधी २८ वर पाय रिकामे फिरायला लागले, चढावर शेवटचे दोन गियर वापरलेच जात नाहीत असं दिसलं, तर ३० किंवा ३२ परत लावा. चेनरिंग हा सायकलच्या गियरमधला त्यातल्या त्यात स्वस्त आणि अर्ध्या तासात बदलता येणारा भाग आहे, ती काही जन्माची गाठ नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. आधी क्रँक बघा. रिंग क्रँकवर चार बोल्टांनी बसलेली असेल आणि समोरासमोरच्या दोन बोल्टांमधलं अंतर १०४ मिमी असेल, तर साध्या रिंग ३२ पर्यंत बसतात आणि ३० साठी वेगळी घडवलेली रिंग घ्यावी लागते. त्याखाली बोल्टांना जागाच उरत नाही. अशा क्रँकवर २८ चा विषय संपला. शिमानोच्या ९६ मिमीवाल्या, असमान अंतरांच्या चार बोल्टांच्या क्रँकसाठीही त्यांची स्वतःची रिंग ३० पासून सुरू होते. रिंग क्रँकच्या मुळाशी थेट बसणारी असेल तर २८ सहज मिळते. त्यात मात्र ऑफसेट, म्हणजे रिंग किती मिमी आत बसते ते, बघून घ्या. स्रॅमच्या तीन बोल्टांच्या क्रँकला १४८ मिमी रुंदीच्या मागच्या हबसाठी (चाकाच्या मधल्या भागासाठी) ३ मिमीची आणि जुन्या १४२ मिमीसाठी ६ मिमीची रिंग लागते. चुकीची लावली तर चेन तिरकी चालते आणि नेमकी मोठ्या चकतीवर, म्हणजे तुम्हाला तिची सर्वांत जास्त गरज असते तिथे, कुरकुरते. एक आड एक जाड आणि बारीक दाते असलेलीच रिंग घ्या, नाहीतर दगडांवर चेन उतरेल.

चेनची लांबी तपासायला विसरू नका. ३४ वरून २८ वर आलात की चेन ढिली पडते. एक आतली आणि एक बाहेरची अशी कड्यांची एक जोडी काढावी लागेल. काढण्याआधी चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर टाकून पाहा. डिरेलरचा पिंजरा मागे दुमडून चेन स्वतःलाच घासत असेल तर काढा. काढल्यावर मोठ्या चकतीवर टाकून डिरेलर ताणून सरळ होत नाही ना ते बघा. ३० लावलीत तर बहुधा चेन तशीच चालून जाईल. आणि चेन मोजपट्टीवर अर्धा टक्का ताणलेली दिसली तर नव्या रिंगवर जुनी चेन चढवू नका.

क्रँकच्या लांबीबद्दल एक गोष्ट जाता जाता. हल्ली दगडावर पेडल आपटू नये म्हणून १७५ ऐवजी १६५ मिमीचे क्रँक लावायची पद्धत आलीय. चांगली आहे, पण त्याने पेडलचा तरफ जवळपास सहा टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे पायाला दोन दाते वाढवल्यासारखं जाणवतं. क्रँक आखूड केलात तर पुढे दोन दाते कमी करून तेवढं भरून काढा. फुल सस्पेन्शनवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: रिंग लहान केली की पेडल मारताना मागचं सस्पेन्शन सहसा जरा ताठ वागतं. दोन दात्यांना ते फारसं कळत नाही, सहा दात्यांना कळू शकतं. तुमची हार्डटेल आहे, तुम्हाला ही चिंता नाही.

राहता राहिला बारा स्पीडचा संच. १०-५१ कॅसेट उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. पण १० दात्यांची चकती तुमच्या सध्याच्या फ्रीहबवर (मागच्या हबचा, कॅसेट ज्यावर बसते तो भाग) बसत नाही. शिमानोला मायक्रो स्प्लाइन आणि स्रॅमला एक्सडी फ्रीहब लागतो, म्हणजे कॅसेट, चेन, डिरेलर, शिफ्टर आणि वर फ्रीहब, तुमच्या हबला तो मिळाला नाही तर अख्खं चाक. एवढं सगळं करून पुढे ३४ च ठेवलीत तर गियर येतो ०.६७. सध्याच्या कॅसेटवर नुसती २८ लावून तो ०.६१ येतो. वर्ष-दीड वर्षात कॅसेट झिजली की मग विचार करा. तेव्हाही शिमानोची डिओर एम५१०० मालिका बघा: अकरा स्पीड, ११-५१, जुन्याच फ्रीहबवर बसणारी. डिरेलर मात्र ५१ पेलणारा, त्याच मालिकेतला घ्यावा लागेल, तुमचा ४६ साठीचा आहे. चेनही तेव्हा नवी लागेलच. त्यावेळी पुढे ३० ठेवलीत तर तळाचा गियर ०.५९ होतो आणि सपाटीचा थोडा वेगही परत मिळतो.

तेव्हा आधी ते पंधरा सेकंद मोजा, मग क्रँकवरचे बोल्ट. फेरे किती भरले, बोल्ट किती आहेत आणि समोरासमोरच्या दोन बोल्टांमधलं अंतर किती मिमी भरतं, एवढं कळवलंत तर नेमकी कोणती रिंग मागायची ते सांगतो.